पाठ टेकली की संपलं

जागतिक साहित्याच्या तासाला मी चिनुआ अचेबेची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ शिकवायला घेतो. १९५८ सालची ही कादंबरी नायजेरियातल्या इग्बो लोकांची आहे. नावं उच्चारताना जीभ अडखळते, देश नकाशात शोधावा लागतो. पण पहिल्या पानावर कोल्हापूरच्या पोरांना काहीच समजावून सांगावं लागत नाही, कारण पहिल्याच पानावर कुस्ती आहे. अमालिंझे सात वर्षं अजिंक्य असतो. त्याची पाठ कधी जमिनीला लागत नाही, म्हणून लोक त्याला ‘मांजर’ म्हणतात. अठरा वर्षांचा ओकोंक्वो त्याला पाडतो. ढोल आणि बासऱ्या वाजत असतात, बघ्यांनी श्वास रोखलेला असतो.

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. पहाटे तालमीत मेहनत करून मग कॉलेजला येतो, कान मोडलेले. एरवी तासाला तोंड न उघडणारा हा मुलगा त्या दिवशी म्हणाला, “सर, पाठ टेकली की संपलं की ओ. चितपट!”

परक्या संस्कृतीचं दार असं ओळखीच्या बाजूनं उघडतं. आमच्या गावाला तर याची जुनी सवय आहे. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि त्यातून खासबाग कुस्ती मैदानाची कल्पना त्यांच्या मनात आली, असं सांगतात. १९१२ साली मैदान तयार झालं. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसतो.

मग मी फळ्यावर शब्द लिहितो. कुस्ती, पैलवान, वस्ताद, बाग : सगळे फारसी. तालीम मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ शिक्षण. मुलं चमकून बघतात. ज्या मातीला आपण पिढ्यान्‌पिढ्या आपली म्हणत आलो, तिथले शब्द इराणच्या वाटेनं आलेले आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ही ओळख ज्यानं मराठीला नीट करून दिली, तो माणूस याच गावात शिकवत होता. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, १९२८ ते १९३९ राजाराम कॉलेजात फारसीचे प्राध्यापक होते. त्याआधीच, १९२५ साली, त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला होता. कोल्हापुरात असताना त्यांनी केलेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. उमर खय्याम तेव्हा जगभर गाजत होता, पण तो एडवर्ड फिट्झजेराल्डच्या १८५९ सालच्या इंग्रजी अवतारात. फिट्झजेराल्डनं मूळ रुबाया मोकळेपणानं जोडल्या-तोडल्या होत्या. माधवरावांनी १९२९ साली थेट फारसीवरून ‘उमरखय्यामकृत रुबाया’ काढल्या आणि १९३१ साली फिट्झजेराल्डवरून ‘द्राक्षकन्या’. निशापूरचा गणिती, ज्योतिर्विद खय्याम वेगळा आणि इंग्रजांनी कवटाळलेला खय्याम वेगळा, हे मराठी वाचकाला दोन पुस्तकं समोर ठेवून पाहता आलं. कुणाच्या हातून एखादी संस्कृती आपल्यापर्यंत आली, हे विचारायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. याच माधवरावांनी पुढे भाषाशुद्धीचा हिरिरीनं पुरस्कार केला, आणि परके शब्द मराठीतून काढावेत असं ते मांडू लागले. त्यांच्या विद्वत्तेपुढे मान लववूनही मला याची रुखरुख वाटते.  

मात्र ओळखीनं दार उघडलं म्हणजे घर कळलं असं होत नाही. हे मी स्वतः चुकून शिकलो. इग्बो माणूस पाहुण्यापुढे कोला नावाच्या झाडाचं बी ठेवतो. मी पहिल्या वर्षी सांगून टाकलं, “कोला म्हणजे त्यांची सुपारी.” परीक्षेत साऱ्या वर्गानं तेच लिहिलं. उत्तरपत्रिका तपासताना माझं मलाच वाईट वाटलं. कोला फोडण्याचा मान कुणाचा यावर यजमान आणि पाहुणा थोडा वेळ एकमेकांना आग्रह करतात. फोडताना पूर्वजांना साकडं घातलं जातं, आयुष्य आणि आरोग्य मागितलं जातं. त्यात आमच्या नारळाच्या मानाचा थोडा भाग आहे, घरच्या देवासमोरच्या गाऱ्हाण्याचा थोडा आहे, आणि उरलेलं सगळं त्यांचंच आहे. त्या उरलेल्यासाठी तर पुस्तक वाचायचं. आता मी कोलाला कोलाच म्हणतो.

पुढे गोष्ट अवघड होते. कादंबरीतल्या गावात जुळी मुलं अशुभ मानतात, मडक्यात घालून जंगलात टाकून देतात. वर्ग गप्प होतो. अशा वेळी “त्यांची रीत” म्हणून मी पुढे सरकत नाही, आणि “रानटी लोक” असंही कुणाला म्हणू देत नाही. आपल्याकडे मुलीच्या जन्माचं काय झालं, काय होत होतं, हे वर्गातल्या मुलींना ठाऊक असतं. त्या बोलतात. ओकोंक्वोच्या मुलालाही, न्वोयेलाही, जंगलातल्या त्या रडण्याचा प्रश्न छळतो. अचेबे स्वतः इग्बो. आपल्या माणसांवर त्याचं प्रेम आहे, आणि त्यानं हे लपवलेलं नाही.

सहाव्या प्रकरणात पुन्हा कुस्त्या आहेत. तो पैलवान मुलगा म्हणाला, “सर, हे मी वाचतो.” इंग्रजी अडखळत होती, पण डाव आला की आवाज चढायचा. ‘इलो’ शब्दाशी थांबून त्यानं विचारलं, “म्हणजे मैदानच ना?” मी म्हटलं, “इलोच म्हण. पुढे वाच.”

पुढे त्या इलोवरचं सावरीचं जुनं, पवित्र झाड होतं. जन्माला यायची वाट बघणाऱ्या चांगल्या मुलांचे आत्मे त्यात राहतात. मूल हवं असलेल्या बायका एरवी त्याच्या सावलीत येऊन बसतात. त्यानं तेवढं वाचलं, पुस्तकातून मान वर केली आणि विचारलं, “सर, जुळी टाकतात ते ह्याच गावात?”

“ह्याच,” मी म्हटलं.

तो परत मागे गेला आणि झाडाची ती ओळ पुन्हा वाचू लागला, या वेळी हळू.