व्हीआरमध्ये रोमन स्नानगृह कसं बनवायचं?

इंग्लंडमधल्या बाथ शहरातलं रोमन स्नानगृह व्हीआरमध्ये उभं करताना मी सुरुवातीलाच चुकलो. आजचे फोटो बघून मॉडेल बनवलं: वर उघडं आकाश, खाली हिरवं पाणी. पण रोमन काळात या मोठ्या कुंडावर छत होतं. आता थेट ऊन पडतं, शेवाळ वाढतं, म्हणून पाणी हिरवं दिसतं. मग कमानदार छत घातलं, पाणी नितळ केलं.

पुढची अडचण वाफेची. झऱ्याचं पाणी 46 अंश, म्हणजे वाफ हवीच. पण वाफेचे पारदर्शक थर एकावर एक आले की तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. सेकंदाला 90 फ्रेम्स म्हणजे प्रत्येक फ्रेमला जेमतेम 11 मिलिसेकंद, तेही दोन्ही डोळ्यांसाठी मिळून. उशीर झाला की तुम्हाला गरगरतं. म्हणून थर कमी केले. वाफ जरा विरळ चालेल. छत नसतं तर अख्खा अनुभवच खोटा ठरला असता.