पिंपाचे वाद्य झाले, मालकीचे काय?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२३ साली ठराव संमत करून ११ ऑगस्ट हा दिवस 'जागतिक स्टीलपॅन दिन' म्हणून पाळण्याचे ठरविले. हे स्टीलपॅन म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडणे स्वाभाविक आहे. खनिज तेलाचे रिकामे पोलादी पिंप घ्यावे, त्याचा तळ घणाने ठोकून परातीसारखा खोलगट करावा, त्या पृष्ठावर लहानमोठे भाग आखून प्रत्येक भाग एकेका स्वरात लावावा आणि टोकाला रबर गुंडाळलेल्या दोन काठ्यांनी ते वाजवावे, असे हे वाद्य आहे. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन शहराच्या दरिद्री वस्त्यांत ते जन्माला आले.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन असे उत्पादनाचे चार घटक सांगितलेले असतात. ज्यांच्यापाशी भूमी नाही, भांडवल नाही आणि ज्यांच्या श्रमालाही नियमित मागणी नाही, अशा लोकांनी काही मोलाचे निर्माण केले, तर त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची आणि त्याचा मोबदला कोणाच्या पदरात पडावयाचा, याचे उत्तर मात्र त्या पुस्तकांत सापडत नाही. स्टीलपॅनच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

बंदीतून जन्म

त्रिनिदाद हे उसाच्या मळ्यांचे बेट. गुलामगिरीतून मुक्त झालेले आफ्रिकी लोक कार्निव्हलच्या दिवसांत ढोल वाजवीत रस्त्यावर येत. १८८१ साली त्यांची आणि पोलिसांची मोठी चकमक झाली व त्यानंतरच्या काही वर्षांत कायदे करून ढोलांवर निर्बंध घालण्यात आले. ऑक्टोबर १८८४ मध्ये, मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर सॅन फर्नांडो येथे गोळीबार झाला आणि त्यात अनेक मजूर ठार झाले. ढोल कोणाचाही असो, वसाहतीच्या सरकारला त्यात बंडाचाच आवाज ऐकू येत असे.

ढोल गेला, तेव्हा लोकांनी बांबू हाती घेतला. निरनिराळ्या लांबीच्या बांबूंचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरण्याची पद्धत पडली. १९३० नंतरच्या दशकात बांबूच्या जोडीला बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणे आणि मोटारीचे सुटे भाग आले. पत्रा ठोकता ठोकता त्यावर पडलेल्या उंचवट्यांतून वेगवेगळे स्वर निघतात, हे कोणाच्या तरी ध्यानात आले. कोणाच्या, याविषयी त्रिनिदादमध्ये आजही वाद चालतो. विन्स्टन 'स्प्री' सायमन, नेव्हिल ज्यूल्स, एली मॅनेट अशी अनेक नावे घेतली जातात. वस्तुतः हा शोध एका माणसाचा नव्हेच. एका गल्लीत लागलेला स्वर दुसऱ्या गल्लीने ऐकावा, चोरावा आणि त्यात आणखी एकाची भर घालावी, अशा ईर्षेतून तो वाढत गेला.

दुसऱ्या महायुद्धात बेटावर अमेरिकेचे लष्करी तळ आले. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत कार्निव्हल बंद होता, तरी वस्त्यांतील ठोकाठोक थांबली नव्हती. मे १९४५ मध्ये युरोपातील विजयाची बातमी येताच ही मंडळी आपापले डबे घेऊन रस्त्यावर उतरली. पुढे लवकरच लहान डब्यांची जागा तेलाच्या मोठ्या पिंपांनी घेतली. तेल हा त्या बेटाचा प्रमुख उद्योग असल्यामुळे रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. कंपन्यांच्या हिशेबी जे भंगार, ते या तरुणांचा कच्चा माल ठरले.

'टास्पो'चे कार्य

या वाद्याला वाद्यवृंदाची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय १९५१ साली स्थापन झालेल्या 'त्रिनिदाद ऑल स्टील पर्कशन ऑर्केस्ट्रा' ऊर्फ 'टास्पो' या पथकाकडे जाते. त्या काळी पॅनवादक म्हणजे गुंड, असाच पांढरपेशा समाजाचा समज होता, आणि तो सर्वस्वी निराधार होता असेही म्हणता येत नाही. 'इन्व्हेडर्स', 'टोकियो', 'कॅसाब्लांका', 'फ्री फ्रेंच' अशी युद्धाच्या बातम्यांतून आणि चित्रपटांतून उचललेली नावे धारण करणारी ही पथके रस्त्यात समोरासमोर आली की हाणामारी होई. १९५० साली 'इन्व्हेडर्स' आणि 'टोकियो' यांच्यात झालेली चकमक विशेष गाजली. त्याच वर्षी पथकांची संघटना उभी राहिली, आणि लंडनमधील ब्रिटन महोत्सवाला एक पथक पाठविण्याचे ठरले. एकाच पथकाला मान दिला असता तर भांडण वाढले असते. म्हणून वेगवेगळ्या पथकांतून एकेक वादक निवडण्यात आला. काल एकमेकांवर धावून जाणारे जेमतेम दहा-अकरा तरुण अशा रीतीने एका वाद्यवृंदात उभे राहिले. प्रवासाचा खर्च लोकवर्गणीतून आणि जलशांच्या उत्पन्नातून उभारण्यात आला.

त्यांचे संचालक लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ हे पोलिस बँडच्या शिस्तीत तयार झालेले संगीतज्ञ होते. तोपर्यंतच्या पॅनवर मोजकेच स्वर असत. सप्तकातील बाराही स्वर प्रत्येक पॅनवर मिळाले पाहिजेत, असा आग्रह ग्रिफिथ यांनी धरला. खर्जाचा स्वर मोठी जागा मागतो व एका पिंपावर असे तीन-चारच स्वर मावतात, ही अडचण पुढे आली, तेव्हा एका वादकाने अनेक पिंपे वाजवावीत असा मार्ग निघाला. वादकांना स्वरलेखन वाचण्याचे धडे देण्यात आले. आज मोठ्या स्टील ऑर्केस्ट्रात एकेक खर्जवादक सहा-सहा, नऊ-नऊ पिंपांच्या मधोमध उभा असलेला दिसतो. त्या रचनेचे मूळ या तयारीत आहे.

जुलै १९५१ मध्ये टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर या पथकाने वादन केले. गंजलेली पिंपे मांडली जात असताना श्रोत्यांच्या चेहऱ्यावर कुतूहलापेक्षा अविश्वासच अधिक होता, असे सांगतात. वादन सुरू होताच तो मावळला. कॅलिप्सो, माम्बो आणि पाश्चात्य अभिजात रचना एकाच पिंपातून निघू शकतात, हे लंडनने आणि नंतर पॅरिसने ऐकले. पथक त्याच वर्षअखेर मायदेशी परतले व विसर्जित झाले, पण त्यातील माणसांनी पुढे मोठे कार्य केले. स्टर्लिंग बेटनकोर्ट लंडनलाच राहिले आणि ब्रिटनमधील स्टीलबँडचे अध्वर्यू ठरले. अँथनी विल्यम्स यांनी स्वरांची मांडणी पंचम-मध्यमाच्या नात्याने कोळ्याच्या जाळ्यासारखी बसविली. एली मॅनेट यांनी अमेरिकेत पॅन घडविण्याची विद्या विद्यापीठापर्यंत नेली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. लंडनने टाळ्या वाजविल्यानंतरच पोर्ट ऑफ स्पेनच्या प्रतिष्ठितांना आपल्या मागील गल्लीतील संगीत ऐकू येऊ लागले. परकीयांच्या पावतीवाचून स्वकीयांचे मोल न ओळखण्याची ही व्याधी केवळ त्रिनिदादची आहे, असे म्हणण्याचे धाडस आपण करू नये.

आश्रय आणि मालकी

१९६२ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगो स्वतंत्र झाले. पुढच्याच वर्षी 'पॅनोरमा' ही स्टीलबँडची वार्षिक स्पर्धा सुरू झाली आणि पहिला मान विल्यम्स यांच्या 'नॉर्थ स्टार्स'ने मिळविला. याच सुमारास कंपन्यांचा आश्रय आला. पथकांच्या नावाआधी पॅन अ‍ॅम, शेल, एस्सो, अमोको ही नावे लागली. ज्या धंद्याने पिंप फेकून दिले, त्याचेच नाव पुढे त्या पिंपावर रंगविले गेले, हा या इतिहासातील उपरोध आहे. अर्थात या आश्रयामुळे पथकांना वाद्ये, गणवेश आणि परदेश दौरे मिळाले, मारामाऱ्या ओसरल्या, हेही तितकेच खरे. शंभराहून अधिक वादकांचा ताफा उभा करणे वर्गणीच्या बळावर सोपे नव्हते.

या संगीतात भारतीय वंशाच्या माणसांचाही वाटा आहे. 'रेनेगेड्स' या पथकाचे संगीत-संयोजक जित समारू यांनी १९८२ ते १९९७ या काळात त्या पथकाला पॅनोरमाचे अजिंक्यपद नऊ वेळा मिळवून दिले. मोहरमचा ताशा आणि कार्निव्हलचा ढोल एकाच राजवटीने दडपले होते. शंभर वर्षांनंतर त्या दोन्ही वारशांची माणसे एका वाद्यवृंदात एकत्र आली, ही गोष्ट लहान नव्हे.

१९९२ मध्ये स्टीलपॅनला राष्ट्रीय वाद्याचा दर्जा मिळाला. परंतु २००१ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने दाबयंत्राच्या साहाय्याने पॅन घडविण्याच्या प्रक्रियेचे पेटंट दोघा अमेरिकनांना दिले, तेव्हा त्रिनिदादमध्ये खळबळ उडाली. पेटंट वाद्याचे नसून केवळ प्रक्रियेचे आहे, असा खुलासा करण्यात आला. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. तथापि ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पिंपे ठोकली, त्यांच्यापैकी कितीजणांच्या नावे असा एखादा कागद होता?

आपल्याला हा प्रसंग अपरिचित नाही. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले व १९९७ मध्ये ते रद्द करविले. त्या लढ्यात आपल्या उपयोगी पडले ते जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध. पेटंटच्या कायद्यास लेखी पुरावा लागतो. आजीबाईच्या बटव्याला अथवा लोहाराच्या कानाला तो साक्षीदार मानीत नाही. आणि पॅनची सारी विद्या तर कानात आणि मनगटातच साठविलेली आहे.

म्हणून गौरवाचे दिवस पाळणे पुरेसे नाही. २०२४ मध्ये त्रिनिदाद सरकारने आपल्या राष्ट्रचिन्हावरील कोलंबसाची तीन जहाजे काढून तेथे स्टीलपॅन आणण्याचा निर्णय जाहीर केला. ही घटना प्रतीक म्हणून मोठी आहे. पण पॅन लावणाऱ्या कारागिराचे ज्ञान टिपून ठेवणे, त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यास पोटापुरते वेतन मिळणे आणि जगभर विकल्या जाणाऱ्या वाद्यांच्या उत्पन्नातील काही भाग ज्या वस्त्यांत ते जन्मले तेथवर पोहोचणे, ही कामे चिन्ह बदलण्याइतकी सोपी नाहीत. 'टास्पो'च्या तरुणांनी आपसांतले वैर बाजूला ठेवून, लोकांच्या वर्गणीवर, आपले वाद्य बारा स्वरांचे केले. समूहाच्या या संपत्तीला कायद्यात आणि अर्थशास्त्रात एखादा रकाना निर्माण करणे, हे आता तुम्हा-आम्हा शिकल्या-सवरल्यांचे काम आहे.