ईश्वरसाक्ष शपथ आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात मगधनरेश अजातशत्रू सहा आचार्यांशी झालेल्या आपल्या भेटींचा वृत्तांत भगवंतांना निवेदन करतो. त्यांपैकी अजित केसकम्बल हा परलोक, दानाचे फळ व कर्मविपाक हे सर्व नाकारणारा होता. त्याच्या उत्तराने राजाचे समाधान झाले नाही. परंतु आपल्या राज्यात राहणाऱ्या श्रमणाचा वा ब्राह्मणाचा अवमान आपल्यासारख्याने कसा करावा, असा विचार करून त्याने त्या मताची प्रशंसाही केली नाही व धिक्कारही केला नाही. तो उठून निघून गेला. अजिताचे मत बौद्ध परंपरेने मिथ्यादृष्टी मानले, हे खरे. तथापि मत अमान्य असणे निराळे आणि ते बाळगणाऱ्यास राज्याने कमी लेखणे निराळे. हा भेद आधुनिक कायद्यास फार उशिरा उमगला.

कायद्यापुढील प्रश्न शपथेचा होता. खोटे बोलल्यास ईश्वर शासन करील, ह्या भयावर साक्षीची विश्वसनीयता आधारलेली मानली जात असे. कलकत्त्यातील एका व्यापाऱ्याच्या खटल्यात 1744 साली इंग्लंडच्या न्यायालयाने हिंदू साक्षीदारांची त्यांच्या रीतीने घेतलेली शपथ ग्राह्य धरली. परंतु कोणता तरी ईश्वर मानणे आवश्यकच राहिले. निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. शपथेच्या वादामुळे त्यांना पुनःपुन्हा निवडणूक लढवावी लागली आणि 1886 मध्येच त्यांना आपले आसन मिळाले. त्यांच्याच प्रयत्नाने 1888 च्या कायद्याने शपथेऐवजी दृढकथनाचा, म्हणजे ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक वचन देण्याचा, अधिकार सर्वांस दिला.

परलोकाच्या भयावाचून मनुष्य सत्याने वागेल काय, ह्या शंकेचा विचार पाली वाङ्मयात पूर्वीच झालेला आहे. अंगुत्तरनिकायातील कालामांना केलेल्या उपदेशाच्या अखेरीस चार 'अस्सास', म्हणजे आश्वासने, येतात. परलोक असेल तर शीलवान मनुष्यास सुगती लाभेल. नसेल तरी तो ह्याच जन्मी वैररहित व सुखी राहील, असा त्यांपैकी पहिल्या दोहोंचा आशय आहे. भगवंतांनी कर्मविपाक नाकारला, असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु शीलाचे मूल्य त्या श्रद्धेवरच अवलंबून नाही, हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

भारतीय संविधानाच्या तिसऱ्या परिशिष्टात ईश्वरसाक्ष शपथ व दृढकथन हे दोन्ही पर्याय समान दर्जाने दिलेले आहेत. 1969 च्या शपथ अधिनियमाने साक्षीदारासही तीच मुभा दिली. अनुच्छेद 25 मध्ये धर्मस्वातंत्र्याआधी सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने दोन प्रकरणांत स्पष्ट केला. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेतील प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला होता. तशी सक्ती मूलभूत हक्काचा भंग होय, असे 2013 मध्ये न्यायालयाने सांगितले. 2014 मध्ये, 'कोणताही धर्म नाही' अशी राजपत्रात नोंद मागणाऱ्यांच्या याचिकेवर निर्णय देताना, आपण कोणताच धर्म मानत नाही असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे व शासन कोणासही धर्म घोषित करण्यास भाग पाडू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तरीही समता पूर्ण झालेली नाही. 1955 चा हिंदू विवाह अधिनियम बौद्ध, जैन व शीख यांच्याबरोबरच, सामान्यतः, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा यहुदी नसलेल्या इतर व्यक्तींसही लागू होतो. म्हणजे राजपत्रात धर्महीन ठरलेली व्यक्ती विवाहाच्या बाबतीत मात्र हिंदू कायद्याखाली येते. 1954 च्या विशेष विवाह अधिनियमाचा मार्ग तिला उपलब्ध आहे. पण तो तिला जाणीवपूर्वक निवडावा लागतो.

निधर्मी नागरिकांच्या ह्या प्रश्नाशी बौद्धांचा काय संबंध, असे कोणी विचारील. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत ईश्वर कोठेही साक्षी नव्हता. प्रतिज्ञा घेणाऱ्याचे शील हीच त्यांची हमी होती. ईश्वरावाचून दिलेला शब्द कायद्याने दुबळा मानला, तर त्या प्रतिज्ञाही दुबळ्या ठरतील. म्हणून निरीश्वरवाद्याच्या दृढकथनाचा मान राखणे हे बौद्धांनी दुसऱ्यावर केलेले औदार्य नव्हे. ते आपल्याच प्रतिज्ञेचे रक्षण होय.