छोटी लाइन ‘छोटी’ का होती? एका स्लाइडवर अडकलेली माझी पीएचडी



पेट झाली, आता सिनॉप्सिस कशी लिहू, विषय कसा निवडू, असे बरेच मेसेज आले आहेत. त्यावर थिअरी सांगण्यापेक्षा मी स्वतः कुठे आपटले ते सांगते. विषय आहे आमच्या गोरेगावजवळून जाणारी रेल्वे लाइन.

माझा पीएचडीचा विषय रेल्वे नाही. मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी. गोरेगाव परिसरातले जुने मालगुजारी तलाव आणि त्यांच्याभोवतीचा बदललेला जमीनवापर हे माझं काम. पण जुना नकाशा आणि आजची उपग्रह प्रतिमा एकमेकांवर ठेवली की हिरडामाली स्टेशनवरून जाणारी एक रेघ दोन्हीकडे दिसते. आज तिथे ब्रॉडगेज आहे, आधी नॅरो गेज होती. आमच्याकडे जुनी माणसं तिला अजून ‘छोटी लाइन’च म्हणतात.

प्रोग्रेस सेमिनारला मी एक स्लाइड टाकली: ‘१९०८ – डोंगराळ भाग असल्यामुळे नॅरो गेज रेल्वे सुरू.’ अर्ध्या मिनिटात पुढे जायचा विचार होता. समितीतल्या एका सरांनी थांबवलं.

“गोरेगावला घाट कुठे आहे? आणि १९०८ ला नेमकं काय झालं?”

दोन प्रश्न, आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. वाक्य मी एका वेबसाइटवरून घेतलं होतं, त्या वेबसाइटने दुसऱ्या कुठून तरी घेतलं असणार. हा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांची उशिरा दिलेली उत्तरं.

आधी थोडी पार्श्वभूमी

गेज म्हणजे दोन रुळांमधलं आतल्या बाजूचं अंतर. भारतात ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज नावाप्रमाणे १००० मिलिमीटर, आणि आपली छोटी लाइन ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट.

गोंदियाने हे तिन्ही गेज पाहिले आहेत. नागपूरहून राजनांदगावला १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जी नागपूर–छत्तीसगड रेल्वे आली, ती मीटरगेज होती. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिने ही लाइन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि पुढे कलकत्त्याकडे वाढवली. आजचा मुंबई–हावडा मार्ग तो हाच.

मग याच कंपनीने गोंदियाहून उत्तरेला बालाघाट, नैनपूर, जबलपूर अशी नॅरो गेज लाइन टाकली. ती १९०३ ते १९०५ दरम्यान टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यानंतर दक्षिणेकडची लाइन आली: गोंदिया, हिरडामाली, सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड आणि पुढे चांदा फोर्ट. माझी स्लाइड या दक्षिणेच्या लाइनबद्दल होती.

पहिला प्रश्न: घाट कुठे आहे?

नॅरो गेज डोंगरात का सोयीची, हे आधी समजून घेऊ. कारण माझं वाक्य पूर्ण चुकीचं नव्हतं, चुकीच्या जागी लावलेलं होतं.

रेल्वेची दोन चाकं एकाच आसावर पक्की बसवलेली असतात, दोन्ही एकाच गतीने फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? ढोबळ हिशेब करा. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर दर एक मीटरमागे हा फरक ब्रॉडगेजला साधारण १.७ सेंटिमीटर पडतो, अडीच फुटी गेजला ०.८ सेंटिमीटरच्या आत. चाकं किंचित शंकूच्या आकाराची असतात, त्यामुळे थोडा फरक भरून निघतो. उरलेला घासण्यात जातो. म्हणून अरुंद गेजची गाडी जास्त तीव्र वळण घेऊ शकते. वळण घेता आलं की डोंगर फोडायची गरज कमी, त्याला वळसा घालून जाता येतं.

बालाघाटनंतर सातपुडा चढून नैनपूरकडे जाणाऱ्या लाइनला हे कारण चपखल बसतं. पण गोरेगावचं काय? नागझिरा आणि नवेगावच्या बाजूला डोंगर आहेत, जंगल आहे, हे खरं. पण लाइनला सातपुड्यासारखा घाट चढावा लागत नाही. वडसा, ब्रह्मपुरीकडे तर धानाची बांधीच बांधी. मग इथे छोटी लाइन का?

इथे तुलना कामी आली. आपल्याच राज्यात बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, तीही अडीच फुटी. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. भाग सगळा सोलापूरकडचा माळरान. वऱ्हाडातली मूर्तिजापूर–यवतमाळ, म्हणजे शकुंतला, तीही अडीच फुटी, तिथे कापसाचा सपाट मुलूख. म्हणजे ‘डोंगर म्हणून नॅरो गेज’ हा नियम महाराष्ट्रातच दोन ठिकाणी मोडतो.

कॅलथ्रॉपचा मुद्दा पैशाचा होता. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, भार सगळ्या आसांवर सारखा वाटायचा. मग यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळसुद्धा पुरतो. रूळ हलका, पूल हलका, भराव कमी, जमीन कमी. जिथे माल थोडा आणि हंगामी आहे, तिथे मोठी लाइन घाट्यात जाते, छोटी तग धरू शकते.

आमच्या लाइनला आणखी एक कारण असावं, आणि ते नकाशातच दिसतं. उत्तरेची लाइन आधीच ७६२ मिलिमीटरची होती. दक्षिणेची त्याच गेजची केली की तीच इंजिनं, तेच डबे, तेच सुटे भाग दोन्हीकडे चालतात. नॅरो गेजचं वर्कशॉपही नागपूरला मोतीबागला. म्हणजे घाट उत्तरेला होता, पण त्याने ठरवलेलं गेज दक्षिणेच्या सपाटीवर आलं.

लक्ष द्या, शेवटच्या परिच्छेदात मी ‘असावं’ लिहिलंय. चाकांचा हिशेब हे गणित आहे. बार्शीचा पाच टनांचा नियम ही नोंद आहे. पण ‘उत्तरेच्या लाइनमुळे दक्षिणेचं गेज ठरलं’ हे माझं अनुमान आहे. कंपनीचा पत्रव्यवहार हातात आल्याशिवाय ते सिद्ध होत नाही. गणित, नोंद आणि अनुमान या तिन्हींची क्रियापदं वेगळी ठेवा. सिनॉप्सिसमध्ये हे जमलं तरी समितीचे निम्मे प्रश्न कमी होतात.

दुसरा प्रश्न: १९०८ ला काय झालं?

हा प्रश्न मला आधी खोचक वाटला. नंतर कळलं की रेल्वेला ‘सुरू झाली’ अशी एकच तारीख नसतेच. सर्वेक्षण, मंजुरी, कामाची सुरुवात, मालगाडीसाठी खुली, प्रवाशांसाठी खुली, या सगळ्या वेगळ्या तारखा. त्याही तुकड्या-तुकड्यांच्या, कारण लाइन एका दिवसात शेवटपर्यंत उघडत नाही. दोन पुस्तकांत दोन वर्षं दिसली की आपण म्हणतो एक चूक आहे. बऱ्याचदा दोन्ही बरोबर असतात, मोजलेली गोष्ट वेगळी असते.

रेल्वे बोर्डाचं ‘हिस्टरी ऑफ इंडियन रेल्वेज – कन्स्ट्रक्टेड अँड इन प्रोग्रेस’ हे प्रकाशन याच कामाचं. त्यात मार्गाच्या तुकड्यानुसार उघडल्याच्या तारखा आणि लांबी दिलेली असते. माझ्या स्लाइडवर आता ‘१९०८ च्या सुमारास गोंदिया–नागभीड भाग वाहतुकीस खुला’ असं आहे. वाक्य लांबलं, पण आता त्याला अर्थ आहे.

शोधताना मी आणखी एक चूक केली. मी ‘गोंदिया जिल्हा’ शोधत बसले. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला! त्याआधी सगळं भंडारा. ब्रिटिश काळात भंडारा जिल्ह्याच्या तहसिली तीनच: भंडारा, तिरोडा, साकोली. चंद्रपूरऐवजी चांदा. जुन्या कागदात इंग्रजी स्पेलिंगही वेगळी. ज्या काळाचा कागद हवा, त्या काळाचं नाव शोधा.

कागद कुठे असतील हेसुद्धा असंच ठरतं. भंडारा आधी मध्य प्रांतात, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. रेल्वे आधी कंपनीची, १९४४ ला सरकारने घेतली, १९५५ पासून दक्षिण पूर्व रेल्वे, मुख्यालय कोलकाता, आणि २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, मुख्यालय बिलासपूर. गोरेगावच्या एका लाइनसाठी नागपूर, भोपाळ, कोलकाता, बिलासपूर अशी चार दारं ठोठवावी लागू शकतात. प्रवासखर्चाचं बजेट लिहिताना हे आठवा.

एक मोहक गृहीतक, आणि ते कसं डळमळलं

गेज बदलतं तिथे माल उतरवावाच लागतो. दक्षिणेकडून आलेलं धान, तेंदूपत्ता, बांबू गोंदियाला छोट्या डब्यातून उतरायचं आणि मोठ्या डब्यात चढायचं, हमालांच्या पाठीवरून. मग मला वाटलं, पोतं उतरतंच आहे तर तिथेच भरडून तांदूळ करून का पाठवू नये? गोंदियात राइस मिल वाढल्या त्या यामुळेच!

दोन दिवस मी खूप खूश होते. मग मैत्रिणीने एकच शब्द टाकला: “तुमसर?”

तुमसरही धान-तांदळाची मोठी बाजारपेठ, तिथेही मिल. पण तिथे छोटी लाइन नव्हतीच. तुमसर रोडहून तिरोडीला जाणारा फाटा ब्रॉडगेजचा. म्हणजे गेज बदलल्याशिवायही मिल वाढू शकतात. माझं गृहीतक मेलं नाही, पण ‘यामुळेच’ मधला ‘च’ गेला. आता तपासायचं असेल तर गोंदियातल्या मिल कोणत्या वर्षी सुरू झाल्या, १९०८ च्या आधी किती आणि नंतर किती, आणि त्याच वर्षांत तुमसरला काय चाललं होतं, हे बघावं लागेल. गृहीतक सुचलं की ते जिथे खोटं ठरेल असं एक गाव आधी शोधा.

माझी सगळ्यात महागडी चूक

ही वाचून सोडू नका, फील्डवर्क करणार असाल तर.

गावातले एक बाबाजी छोट्या लाइनवर गँगमन होते. मी गेले, चहा झाला, फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, “बाबाजी, गाडी फार हळू चालायची ना? लोक उतरून परत चढायचे ना?”

“हो ना बापा, चढायचे.”

“मज्जा यायची ना?”

“हो.”

चाळीस मिनिटांची फाइल, आणि त्यात माझीच वाक्यं. बाबाजींच्या वाट्याला ‘हो’. शिवाय धावत्या गाडीतून उतरून परत चढण्याचा किस्सा शकुंतलेचाही आहे, बार्शी लाइटचाही. जो किस्सा प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगितला जातो, त्यावरून आमच्या गाडीचा वेग सिद्ध होत नाही. लोकांची तिच्याशी किती सलगी होती, एवढं कळतं.

विचारायला हवं होतं: तुमची गँग किती माणसांची? हद्द कुठून कुठपर्यंत? पावसाळ्यात रूळ कुठे खचायचा, तलावाचं पाणी कुठे भरावाला लागायचं? हे शेवटचं तर थेट माझ्या पीएचडीचं होतं. वर्षभराने प्रश्न नीट लिहून परत गेले. बाबाजींना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, त्यांनी हसून मान हलवली. कोणत्या तलावाचं पाणी कुठे लागायचं, ते आता मला नकाशावरून आणि मोऱ्या मोजून काढावं लागतंय.

आता का घाई करायची

गोंदिया–चांदा फोर्ट लाइन १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. जबलपूर–नैनपूरची छोटी गाडी २०१५ ला बंद झाली, नागपूर–नागभीडची नोव्हेंबर २०१९ ला. मोतीबागच्या संग्रहालयात इंजिनं बघायला मिळतील. पण त्या लाइनवर काम केलेली माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

आणि विषय संपलेला नाही. गेज वाढलं, वेग वाढला, गाड्या वाढल्या. याच मार्गावर चंद्रपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मेले. त्याच जंगलातून छोटी गाडी जायची तेव्हा काय परिस्थिती होती? हे विचारायला इतिहास, पर्यावरण आणि थोडं भौतिकशास्त्र, तिन्ही लागतं. यात कुणाची तरी पीएचडी आहे.

तोपर्यंत एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं, तुम्हाला सगळ्यात सोपं वाटणारं एक वाक्य काढा. त्याखाली लिहा: हे कुणी मोजलं? नेमकं काय मोजलं? आणि कोणत्या गावात हे खोटं ठरेल? उत्तर आलं तर वाक्य ठेवा. नाही आलं तर गाइडकडे जाण्याआधी लायब्ररीत जा.

पुढच्या लेखात मुलाखतीची प्रश्नावली कशी लिहायची ते बघू. ‘ना?’ ने संपणारा एकही प्रश्न त्यात नसेल, एवढं नक्की.