जाळीतून काय जाते, काय अडते?

मोरीच्या तोंडाशी एक लहानशी जाळी बसवलेली असते. सांडपाणी तिच्यातून निघून जाते. घूस आत येऊ शकत नाही आणि भांडी घासताना निसटलेला चमचा बाहेर जाऊ शकत नाही. वस्तू इतकी साधी, की वर्गात तिच्याविषयी कोणी बोलत नाही. मात्र 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या संगणक-खेळात हीच जाळी किल्ल्याच्या बांधकामातला एक महत्त्वाचा घटक आहे. तिथे ती कशी वापरली जाते हे पाहिले, तर प्रतिकृती म्हणजे काय, ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे विद्यार्थ्यांना चांगले समजावता येते.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी तयार केलेला हा खेळ २००६ साली सर्वांसाठी खुला झाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली त्याला आपल्या संग्रहात स्थान दिले. लोककथांतले बुटके डोंगर पोखरून किल्ला वसवतात, अशी त्याची कल्पना. सारी जमीन लहान लहान चौकोनी घरांत विभागलेली असते. प्रत्येक घरातल्या पाण्याची खोली ० ते ७ या आकड्यांत मोजली जाते. ० म्हणजे कोरडे, ७ म्हणजे काठोकाठ. जास्त पाण्याच्या घरातून शेजारच्या कमी पाण्याच्या घराकडे पाणी वाहते. एवढ्या साध्या नियमांतून नदी, धबधबा आणि पूर उभे राहतात.

आता खेळाडूपुढचा प्रश्न पाहा. किल्ल्यातल्या विहिरीत नदीचे पाणी आणायचे आहे. पाट खणला की पाणी येईल, पण त्याच वाटेने पाण्यातले हिंस्र प्राणीही येतील. (खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत साधा कार्प मासाही बुटक्यांचा कर्दनकाळ म्हणून कुप्रसिद्ध होता.) पाटात भिंत घातली तर प्राणी थांबतील, पण पाणीही थांबेल. दोन्ही गरजा एकदम भागवणारा घटक म्हणजे पाटात उभी बसवलेली जाळी. पाणी तिच्यातून वाहते, प्राणी आणि वस्तू अडतात. जमिनीत बसवण्यासाठी आडवी जाळीही असते. तिच्यावरून बुटके चालू शकतात आणि सांडलेले पाणी खालच्या मजल्यावर उतरते. दांड्याला जोडल्यास जाळी दुरून उघडता-मिटता येते. मात्र बांधकामे मोडण्याची ताकद असलेले राक्षस ती तोडू शकतात, म्हणून केवळ जाळीवर विसंबून चालत नाही.

जाळी कशाची करायची, हाही विचार करावा लागतो. खेळात पाण्याप्रमाणेच लाव्हारसही वाहतो. त्याचे तापमान सुमारे ११०० अंश सेल्सिअस धरले आहे. तांबे १०८५ अंशांना वितळते, लोखंड १५३८ अंशांना. त्यामुळे लाव्हारसाच्या वाटेवर तांब्याची जाळी टिकत नाही, लोखंडाची टिकते. इथे खेळाने खऱ्या पदार्थांचे गुणधर्म प्रामाणिकपणे घेतले आहेत.

पण एक गोष्ट त्याने पूर्णपणे वगळली आहे. खेळातली जाळी कधी तुंबत नाही. तिच्यासमोर कितीही वस्तू वाहत येऊन अडकल्या, तरी पाणी पूर्वीसारखेच वाहते. खऱ्या जाळीच्या बाबतीत मात्र सारी अडचण इथूनच सुरू होते. जे अडवायचे ते जाळीपाशीच साठते, आणि जे जाऊ द्यायचे त्याची वाट बंद करते.

थोडे गणित करू. जाळीचे गज १ सेंटीमीटर जाड आणि त्यांमधली फट २ सेंटीमीटर असेल, तर पाण्याला दोन-तृतीयांश क्षेत्र मोकळे मिळते. पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी यातले निम्मे झाकले, तर एक-तृतीयांश उरते. तेवढेच पाणी तेवढ्याच वेळात जायचे असेल, तर फटींतला वेग दुप्पट व्हावा लागतो. त्यासाठी जाळीच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत पूर्वीच्या सुमारे चौपट फरक पडावा लागतो. म्हणजेच जाळीमागे पाणी चढते.

जाळी पूर्ण तुंबली, तर ती जाळी उरत नाही, बांध होतो. १ मीटर रुंद आणि १ मीटर उंच उभी जाळी घ्या. एका बाजूला काठापर्यंत पाणी, दुसरी बाजू कोरडी. पृष्ठभागाशी पाण्याचा दाब शून्य, तळाशी ९८०० पास्कल, म्हणून सरासरी ४९०० पास्कल. क्षेत्रफळ १ चौरस मीटर असल्याने जाळीवर ४९०० न्यूटन बल पडते. हे सुमारे ५०० किलो वस्तुमानाच्या वजनाइतके झाले. रुंदी तीच ठेवून पाण्याची आणि जाळीची उंची दुप्पट केली, तर बल चौपट होते. किडके गज आणि सैल चौकट अशा वेळी दगा देतात.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत अतिवृष्टी झाली. त्या दिवशी पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. तुंबलेले पाणी लवकर ओसरावे म्हणून पावसात अशी झाकणे काढली जातात. पाण्याला वाट मिळते, पण माणसासाठी तोच सापळा होतो. पुढे मुंबई महापालिकेने मॅनहोलच्या झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम हाती घेतले. झाकण निघाले तरी पाणी खाली जावे आणि माणूस वर अडावा, हा त्यामागचा विचार. खेळातल्या आडव्या जाळीचे कामही नेमके हेच. फरक एवढाच, की खरी जाळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यातही कोणीतरी साफ करावी लागते.

वर्गात हा प्रयोग करून पाहावा. प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटलीचा तळ कापून ती उलटी धरावी. तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा घट्ट बांधावा. वरून १ लिटर पाणी ओतून ते निथळायला किती सेकंद लागतात ते मोजावे. मग पाण्यात एक मूठ वाळक्या पानांचा चुरा टाकून पुन्हा मोजावे. चुरा दोन मुठी, तीन मुठी असा वाढवत जाऊन आलेख काढावा. वेळ चुऱ्याच्या प्रमाणातच वाढतो, की त्याहून झपाट्याने? उत्तर आधी सांगू नये, आलेखावरून मुलांनाच काढू द्यावे.

शेवटी त्यांना एक काम द्यावे. ड्वार्फ फोर्ट्रेसमधली जाळी खऱ्यासारखी तुंबायला हवी असेल, तर खेळात कोणता नवा नियम घालावा लागेल? तो दोन-तीन वाक्यांत लिहायला सांगावा. मग शाळेच्या आवारातली गटाराची जाळी दाखवून विचारावे, हिला तो नियम लागू पडतो का? आणि ती शेवटची साफ कधी झाली होती?