लिनक्सवर लॅपटॉपचे दुसरे ग्राफिक्स कार्ड बंद कसे करावे?



वर्गासाठी जुना लॅपटॉप मिळाला की आपण बरेच जण त्यावर लिनक्स टाकतो. मीही उबुंटू टाकले. पण लॅपटॉपचा तळ तापायचा, पंखा घोंघावायचा आणि लाईट गेली की बॅटरी तासभरही टिकेना. दुसरीच्या मुलांना गोष्टीचा व्हिडिओ अर्ध्यावर सोडून द्यावा लागे. नवीन बॅटरी घ्यायला निघालो होतो, पण कारण वेगळेच निघाले.

2010 मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस हे तंत्र आणले. अशा लॅपटॉपात दोन ग्राफिक्स चिप असतात. एक इंटेलची, कमी वीज खाणारी. दुसरी एनव्हिडियाची, गेमसारख्या जड कामासाठी. विंडोजमध्ये काम नसले की दुसरी आपोआप बंद होते. लिनक्सवर सुरुवातीला ही सोय नव्हती. म्हणजे रिकाम्या वर्गात पंखा गरगरत ठेवल्यासारखेच! टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा द्या. यादीत दोन्ही चिप दिसल्या तर तुमचाही लॅपटॉप त्यातलाच.

यावरचा जुगाड म्हणजे 'बीबीस्विच' हे कर्नल मॉड्यूल. कर्नल हा लिनक्सचा गाभा आणि मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा तुकडा. बीबीस्विच लॅपटॉपच्या एसीपीआयमार्फत त्या चिपची वीजच तोडते.

आधी कर्नल हेडर्स इन्स्टॉल करा, मग 'बीबीस्विच-डीकेएमएस' हे पॅकेज. डीकेएमएसमुळे कर्नल अपडेट झाला की मॉड्यूल नव्याने आपोआप बनते, पण त्याला हेडर्स लागतातच. मी ते विसरलो आणि मॉड्यूल बनलेच नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नल आत घेत नाही, हेही पाहा.

नंतर रूट होऊन 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'एसीपीआय'मधील बीबीस्विच फाइलमध्ये 'ऑफ' लिहायचे. माझ्याकडे इथेच गाडी अडली. 'नूव्हो' हा ड्रायव्हर चिप धरून बसला असेल तर बीबीस्विच चक्क नकार देते, आणि ते बरोबरच आहे. चालू उपकरणाची वीज कशी काढणार? नूव्होला ब्लॅकलिस्टमध्ये टाकले, इनिट-रॅम-एफएस अपडेट केले, रीस्टार्ट केले. मग तीच फाइल वाचली तर 'ऑफ' दिसले. मॉड्यूलच्या पर्यायांत 'लोड स्टेट' शून्य ठेवले की दर वेळी हाताने लिहावे लागत नाही.

पंखा शांत झाला. बॅटरीवर आता दोन तासिका सहज होतात.

मात्र नव्या लॅपटॉपवर हे करू नका. 4.8 पासूनचा कर्नल अशा चिपची वीज बऱ्याचदा स्वतःच सांभाळतो आणि त्यात बीबीस्विच घुसवले तर लॅपटॉप गोठू शकतो. आणखी एक, काही लॅपटॉपात एचडीएमआयची जोडणी एनव्हिडियाच्या चिपकडे असते. ती बंद केली की प्रोजेक्टरवर काहीच येत नाही. तेव्हा मुलांना बसवण्याआधी एकदा प्रोजेक्टर लावून बघाच.