जुनी सायकल : ओळख आणि जपणूक



मी यंत्रविद्या शिकलेला मनुष्य नव्हे. युनियनची वर्गणी गोळा करीत आणि सभांची पत्रके वाटीत या चंदगड तालुक्याचे चढउतार मी सायकलवरून पालथे घातले. ती बिघडली की दुकानात उकिडवा बसून मिस्त्रींकडून जे शिकलो, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे. मात्र आरंभ माझ्याच एका चुकीपासून केला पाहिजे.

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून आमच्या भागात कितीतरी कामगार परतले. त्यांपैकी एका म्हाताऱ्या कामगाराने आपली ‘हिंद’ सायकल पुढे युनियनच्या कामासाठी मला दिली. तिचा मान राखावा म्हणून मी ती पॉलिशपेपरने घासून काढली आणि काळाभोर रंग देऊन नव्यासारखी केली. काही दिवसांनी बाबा आले आणि चेनकव्हरवरून हात फिरवीत उभे राहिले. तेथे पिवळ्या अक्षरांत त्यांचे नाव आणि गिरणीतील खाते लिहिलेले होते. “ही माझीच का रे?” एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

‘हिंद’ सायकल मुंबईत वरळीला तयार होत असे. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करणारा कायदा संसदेने १९८० साली केला. तरीही वरळीचा तो कारखाना पुढे बंद पडला. कारखाना गेला आणि गिरण्याही गेल्या. दोन्हीकडच्या श्रमांची खूण त्या एका पत्र्यावर होती, ती मी माझ्या हाताने पुसली. रंग कितीही वेळा देता येतो, मूळपण मात्र एकदाच असते, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता ओळखीकडे वळू. काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची प्रत्येक सायकल विलायती नसते. आसनसोलला १९५२ पासून आणि मद्रासजवळ अंबत्तूरलाही विलायती धर्तीच्या सायकली आपल्याच कामगारांनी बनविल्या. म्हणून प्रथम हँडलखालच्या नळीवरचा पितळी बिल्ला पाहावा. मग पुढचे दातेरी चक्र पाहावे. बी.एस.ए.च्या चक्रात ती तीन अक्षरे कोरून काढलेली असतात, तर रॅलेच्या चक्रात बगळ्याचे डोके दिसते. सीटखालच्या सांध्यावर किंवा पायडलांच्या पेटीखाली नंबर असतो; तो फडक्याने पुसून वहीत उतरून घ्यावा. तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल, तर त्यावर बहुधा सालाचे दोन आकडे ठोकलेले सापडतात.

मुलाम्यावरूनही वय कळते. सुमारे १९३० पूर्वीचा मुलामा निकेलचा, किंचित पिवळसर झाकेचा. त्यानंतर निळसर चकाकीचा क्रोम आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुलाम्याच्या टंचाईमुळे विलायतेत कित्येक भाग काळेच रंगविले जात.

परंतु एका पुराव्यावर निकाल देऊ नये. चाके बदलतात, बिल्लेही बदलतात. हबवरचे साल हे हबचे साल होय, सायकलचे नव्हे. सर्व भाग सारखेच झिजले आहेत काय, हे पाहावे. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते. तेव्हा एखाद्या सायकलीवर बेळगावच्या दुकानाची पट्टी आढळली, तर ती निरुपयोगी म्हणून उपटू नका. आपल्या तालुक्याचा इतिहासच तेथे रिबिटाने ठोकलेला आहे.

दुरुस्तीचा पहिला नियम असा, की हत्यार उचलण्यापूर्वी चोहोबाजूंनी फोटो घ्यावेत. मग मऊ, किंचित ओल्या फडक्याने धूळ काढावी. सोनेरी रेघा आणि छापील चित्रे यांवर पेट्रोल किंवा रॉकेल लावू नये. ती क्षणात निघून जातात. क्रोमवरचा तांब गुळगुळीत चांदीच्या कागदाने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने, पाण्यात भिजवून हलके चोळावा. आमच्याकडचा पाऊस नळ्यांच्या आतही गंज धरवितो. म्हणून सीटची दांडी काढून आत थोडे तेल सोडावे. दांडी अडकली असेल, तर तेल घालून चार दिवस थांबावे. घाईच्या हातोड्याने मोडलेल्या सायकली मी गंजलेल्यांपेक्षा अधिक पाहिल्या आहेत.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नये. जुन्या रॅलेच्या पेटीला इंचात २६ आटे असत, इतर बहुतेकांना २४. दुसरा कप जोराने बसविला, तर पेटी कायमची नासते. कोन आणि कप चांगले असतील तर तेच ठेवून छर्रे व ग्रीस तेवढे नवे घालावे. चामड्याची सीट तेलात भिजवू नये, ती ढिली पडून लोंबते. खालून थोडे मेण पुरते.

टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर मात्र नवेच घालावे. मूळपणासाठी कोणी उतारावर हातपाय मोडून घेऊ नयेत. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा, म्हणजे पुढच्याला मागे वळता येईल.

पुण्यात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे. ते सवडीने अवश्य पाहावे. परंतु त्याआधी आपल्या माळ्यावर आणि गोठ्यात पाहा. तेथे सायकल सापडली, तर फडके हाती घेण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कोणाची, कोठून आली, हे विचारा आणि लिहून ठेवा. मी ते विचारले नव्हते. बाबांचे नाव मी पुढे पुन्हा त्या पत्र्यावर लिहविले. अक्षर मात्र रंगाऱ्याचे आहे, त्यांचे नव्हे.